मध्यस्थ एकच: ख्रिस्ती प्रार्थनेतला थेट प्रवेश

ख्रिस्ती माणूस प्रार्थना करतो तेव्हा ती नेमकी कोणाच्या भरवशावर करतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. डोळे मिटले, हात जोडले, मनातले देवापुढे मांडले आणि शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ असे म्हटले की प्रार्थना झाली, एवढेच बाहेरून दिसते. तिला मुहूर्त लागत नाही, सोवळे लागत नाही, ठरावीक भाषा लागत नाही, आणि पाळक किंवा फादर हजर असण्याचीही अट नसते. शेतात खुरपणी करणारी बाई, लोकलच्या डब्यात उभा असलेला कारकून आणि रुग्णालयातल्या खाटेवरचा आजारी माणूस यांपैकी प्रत्येकाला देवाशी सारख्याच सरळपणे बोलता येते, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे आणि तिलाच ‘देवाजवळ थेट प्रवेश’ असे म्हणतात. मात्र या शब्दांवरून बऱ्याच जणांचा, त्यांत काही ख्रिस्ती लोकांचाही, असा समज होतो की देव आणि माणूस यांच्यामध्ये आता कोणीच उरलेले नाही. ख्रिस्ती शिकवण तसे म्हणत नाही. मध्यस्थ आहे, तो एकच, म्हणजे येशू ख्रिस्त आहे, आणि तो आहे म्हणूनच प्रवेश थेट आहे, असे तिचे म्हणणे आहे. ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते. ती उलगडायची तर यरुशलेमच्या मंदिरात जावे लागते.

येशूच्या काळचे मंदिर हेरोद राजाने वाढवून बांधलेले होते, आणि त्याच्या आवारात शिरणाऱ्याची वाट आत जावे तशी अरुंद होत जाई. सगळ्यांत बाहेरच्या प्रशस्त अंगणात कोणीही, अगदी परदेशी माणूसही, वावरू शकत असे. त्यापुढे एक दगडी कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत इशारा कोरलेला होता: कोणाही परक्याने याच्या आत पाऊल टाकू नये, आणि जो आत सापडेल त्याच्या मरणाला तो स्वतःच जबाबदार राहील. हा इशारा कोरलेला अख्खा दगड १८७१ साली यरुशलेममध्ये सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. कठड्याच्या आत स्त्रियांचे अंगण, त्यापुढे इस्राएली पुरुषांचे, त्यापुढे याजकांचे, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांचे, आणि मग मंदिराची मुख्य वास्तू. तिच्यातही दोन दालने होती. पहिल्यात, म्हणजे पवित्रस्थानात, याजक रोज धूप जाळीत. त्यापलीकडे पडदा होता, आणि पडद्यामागच्या परमपवित्रस्थानात वर्षातून एकाच दिवशी एकच माणूस जाई.

तो दिवस प्रायश्चित्ताचा, आणि तो माणूस म्हणजे प्रमुख याजक. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात त्या दिवसाचा विधी इतक्या बारकाईने दिला आहे की वाचणाऱ्याला त्यातली भीती जाणवते. एरवी सोन्याच्या तारेचे विणकाम आणि रत्ने असलेला पोशाख घालणारा हा माणूस त्या दिवशी स्नान करून तागाची साधी वस्त्रे घालतो. लोकांच्या पापांकडे वळण्याआधी तो स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा बळी देतो. दुसऱ्यांसाठी आत जाणाऱ्यालाही आधी स्वतःचा हिशेब मिटवावा लागतो. मग धुपाटण्यात वेदीवरचे निखारे आणि ओंजळभर कुटलेला धूप घेऊन तो पडद्याआड जातो, कारण धुराने कराराच्या कोशावरचे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरचे, झाकण दिसेनासे झाले तरच तो जिवंत राहील, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. त्यानंतर रक्त शिंपडणे, लोकांसाठी बकऱ्याचा बळी, आणि दुसऱ्या एका बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांचे अपराध कबूल करणे. हा दुसरा बकरा रानात सोडला जाई. पुढच्या वर्षी हे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

प्रवचनांत येथे हमखास एक गोष्ट सांगितली जाते, की आत याजकाचा मृत्यू झालाच तर त्याला बाहेर ओढता यावे म्हणून त्याच्या पायाला दोर बांधलेला असे. बायबलात याचा मागमूसही नाही. ही गोष्ट मध्ययुगातल्या यहुदी वाङ्मयात येते, आणि ती कितीही रंगतदार असली तरी तिच्यावर शिकवण उभारणे बरे नव्हे. खरी नोंद तिच्याहून विलक्षण आहे. इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने पहिले मंदिर उद्ध्वस्त केले, त्यानंतर कराराचा कोश पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. म्हणजे येशूच्या काळी ज्या दालनापुढे सगळे यहुदी आदराने थबकत होते, ते दालन रिकामे होते. इ.स.पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी त्यात घुसला, तेव्हा त्याला तिथे कोणतीही मूर्ती आढळली नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढला की यहुदी लोकांना देवाशी बोलताच येत नव्हते, तर तो सपशेल चुकीचा ठरेल, आणि ख्रिस्ती लेखनात ही चूक वारंवार होते म्हणून ती येथेच दूर केलेली बरी. मूल नाही म्हणून खचलेली हन्ना शिलो येथे एकटीच प्रार्थना करते, तिचे ओठ हलतात पण आवाज फुटत नाही, आणि एली याजक तिला दारू प्यालेली समजतो. देव तिचे ऐकतो, याजकाला मात्र काय चालले आहे तेही कळत नाही. दानीएल बाबेलमध्ये, मंदिरापासून शेकडो कोस दूर, यरुशलेमच्या दिशेच्या खिडक्या उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रे बहुतांशी देवाशी केलेले सरळ बोलणेच आहे, आणि त्यांत रडणे, भांडणे, कृतज्ञता, सूडाची इच्छा, सगळे काही आहे. येशू स्वतः हीच स्तोत्रे म्हणत मोठा झाला. तेव्हा ख्रिस्ती धर्माने प्रार्थनेचा शोध लावला, असे कोणी म्हणू नये. त्याचा दावा वेगळा आहे: ज्या पापामुळे तो पडदा तिथे होता, त्या पापाचा निकाल लागला.

येशूने वधस्तंभावर प्राण सोडला त्या वेळी मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत सांगितले आहे. लूकही पडदा फाटल्याची नोंद करतो, पण मृत्यूच्या किंचित आधी. तिघांपैकी एकही जण या घटनेचा अर्थ सांगत बसत नाही. अर्थ येतो तो इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात. त्या पत्राचा सगळा युक्तिवाद प्रायश्चित्ताच्या दिवसाभोवती फिरतो, आणि त्यातला प्रत्येक मुद्दा आपण वर पाहिलेल्या एखाद्या तपशिलाला उत्तर देतो. याजकाला आधी स्वतःसाठी बळी द्यावा लागे; येशूला ती गरज नव्हती. विधी दरवर्षी करावा लागे. येशूने तो एकदाच आणि कायमचा केला. याजक रक्त घेऊन आत जाई, पण ते दुसऱ्या कोणाचे असे. येशू स्वतःचे रक्त घेऊन गेला. याजक आत जाऊन परत येई आणि पडदा पूर्ववत लोंबत राही. येशू आतच आहे, आणि त्याच्या मागोमाग आत येण्याची वाट इतरांसाठी मोकळी झाली आहे. म्हणून हा लेखक वाचकांना सांगतो की आपण कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाऊ या.

या ‘धैर्या’चा आधार कुठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. मी चांगला माणूस आहे, मी उपवास केले, माझा विश्वास दांडगा आहे, म्हणून देव मला आत घेतो, असा त्याचा अर्थ होत नाही. तसे असते तर प्रत्येक प्रार्थनेच्या आधी स्वतःची लायकी तपासावी लागली असती आणि नेमका पडलेला, हरलेला माणूस बाहेरच राहिला असता. येशूने सांगितलेल्या दाखल्यात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, मंदिरात उभा राहून आपल्या उपवासांची आणि दशांशाची यादी वाचतो, तर जकातदार दूर उभा राहून, वर नजरही न करता, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणतो. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. थेट प्रवेश हा त्या जकातदाराचा प्रवेश आहे. त्याच्याजवळ दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

पडद्याइतकाच तो बाहेरचा दगडी कठडाही महत्त्वाचा आहे, पण त्याच्याविषयी बोलले जाते फार कमी. येशूचा प्रेषित पौल यरुशलेममध्ये पकडला गेला तो याच कठड्यापायी. इफिसचा त्रफिम नावाचा यहुदी नसलेला ख्रिस्ती माणूस त्याच्याबरोबर शहरात दिसला होता, आणि पौलाने त्याला कठड्याच्या आत नेले असावे अशा संशयावरून जमाव खवळला. त्या दंगलीतून पौलाचा जो तुरुंगवास सुरू झाला तो त्याला थेट रोमपर्यंत घेऊन गेला. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की ख्रिस्ताने दोन समाजांमधली आडभिंत पाडली, आणि आता दोघांनाही एकाच आत्म्याच्या द्वारे पित्याजवळ प्रवेश आहे. प्रवेशाचा विषय येतो तोच ‘दोघांना’ असा येतो. देवाजवळ जाण्याची वाट मोकळी झाली पण शेजाऱ्याला मात्र कठड्याबाहेरच ठेवले, असे त्या पत्राच्या लेखी होऊच शकत नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये जुन्या जातींच्या रेषा सोयरिकीत आजही दिसतात. ज्या मंडळीत ‘प्रवेश’ या विषयावर उत्तम प्रवचने होतात तिथे ही गोष्ट चर्चेला येऊ नये, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

आता ‘येशूच्या नावाने’ या शब्दांकडे वळू. पुष्कळ जण ते प्रार्थनेच्या शेवटी शिक्का मारावा तसे उच्चारतात, आणि ते राहून गेले तर प्रार्थना पोहोचली नाही असे मानतात. गंमत अशी की येशूने स्वतः शिकवलेल्या प्रार्थनेत हे शब्दच नाहीत. त्याच्या नावाने मागा असे तो योहानाच्या शुभवर्तमानात सांगतो खरे, पण त्याचा रोख उच्चारापेक्षा नात्यावर आहे: त्याच्या वतीने, त्याच्या हक्काने आणि त्याला मान्य होईल असे मागणे. या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. इफिस शहरात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे भुते काढण्याचा उद्योग करीत. पौल येशूच्या नावाने हे काम करतो हे पाहून त्यांनीही एका माणसावर तेच नाव वापरून पाहिले, ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने’. त्यावर त्या माणसातला दुष्ट आत्मा म्हणाला की येशूला मी ओळखतो, पौलही मला माहीत आहे, पण तुम्ही कोण? मग त्या माणसाने त्यांच्यावर उडी घालून त्यांना असे काही बदडले की ते उघडेनागडे आणि घायाळ होऊन त्या घरातून पळाले. नाव मंत्रासारखे चालत नाही, हे याहून ठसठशीतपणे सांगणे कठीण आहे.

ख्रिस्ती प्रार्थनेची रचना एका ओळीत सांगायची तर ती पित्याला, पुत्राद्वारे आणि पवित्र आत्म्याच्या साहाय्याने केली जाते. पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत एरवी कितीही अवघड वाटला तरी प्रार्थनेत तो अगदी व्यवहाराचा होतो. ऐकणारा पिता आहे. आपली बाजू मांडणारा पुत्र आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की तो देवाच्या उजवीकडे असून आपल्यासाठी विनंती करतो. आणि त्याच अध्यायात त्याने हेही लिहिले आहे की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे प्रार्थना ऐकणाराही देव, ती पोहोचवणाराही देव आणि माणसाच्या आतून ती उठवणाराही देव. प्रार्थना जमत नाही, शब्द सुचत नाहीत, मन भरकटते, अशी तक्रार करणाऱ्या भाविकाला या शिकवणीचा खरा दिलासा आहे. त्याला शून्यातून काही सुरू करायचे नसते; जे आधीपासून चालू आहे त्यात तो सामील होतो.

मन भरकटण्याचा विषय निघालाच आहे, तर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ साली आपल्या पेत्र नावाच्या न्हाव्याला दिलेला सल्ला सांगण्याजोगा आहे. प्रार्थना कशी करावी असे त्या न्हाव्याने विचारले होते. ल्यूथरने त्याला त्याच्याच धंद्यातले उदाहरण दिले: वस्तरा चालवताना न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असावे लागते, तो गप्पांत रंगला किंवा इकडेतिकडे पाहू लागला, तर गिऱ्हाइकाचे नाक, नाही तर गळाच कापायचा. मग त्याने पद्धत सांगितली. प्रभूची प्रार्थना घ्यावी, तिची एकेक मागणी सावकाश म्हणावी, आणि प्रत्येक मागणीपाशी थांबून आपल्या शब्दांत ती वाढवावी. मध्येच एखादा विचार मनाला भिडला, तर उरलेल्या मागण्या सोडून तिथेच थांबावे. बड्या विद्यापीठातल्या पंडिताने आपल्या न्हाव्याला दिलेली ही शिकवण आजही तशीच्या तशी वापरता येते.

प्रभूची प्रार्थना शिष्यांनी मागून घेतली होती. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपल्या शिष्यांना शिकवले तसे आम्हालाही शिकव, असे त्यांच्यापैकी एक जण येशूला म्हणाला, अशी लूकची नोंद आहे. मत्तयातले तिचे रूप थोडे मोठे आहे, लूकमधले लहान. ती मोठ्याने म्हणायला अर्धे मिनिटही लागत नाही, पण तिचा क्रम लक्ष देऊन पाहिला तर मागण्याची आपली नेहमीची तऱ्हा तिने पार उलटी केलेली दिसते. आपण गरजेपासून सुरुवात करतो. ती देवाचे नाव, देवाचे राज्य आणि देवाची इच्छा यांपासून सुरुवात करते. गरज येते ती मध्यावर, आणि तीही आजच्यापुरती: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ साठवणुकीची, बढतीची, शत्रूवर मात करण्याची मागणी तिच्यात नाही. क्षमेची मागणी आहे, पण तिला एक अट जोडलेली आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू प्रार्थना संपताच पुन्हा बोलतो तो नेमका त्या अटीविषयीच: तुम्ही लोकांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. सगळ्यांत ठळक गोष्ट म्हणजे या प्रार्थनेत ‘मी’ आणि ‘मला’ कुठेही नाहीत. येशूने आधीच सांगून ठेवले होते की खोलीत जा, दार लाव आणि एकांतात प्रार्थना कर. आणि त्या बंद खोलीत म्हणायला दिलेली प्रार्थना मात्र ‘आमच्या पित्या’ अशी सुरू होते.

इतके सगळे मान्य असूनही ख्रिस्ती लोकांत एका प्रश्नावर शतकानुशतके मतभेद आहेत: संतांची आणि येशूची आई मरिया हिची विनवणी करावी काय? मुंबईकरांना हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना नावाच्या प्रार्थनेला सर्व धर्मांच्या लोकांची रांग लागते, आणि वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे, घरे अर्पण केली जातात. हे सारे एका मध्यस्थाच्या शिकवणीत बसते काय? कॅथोलिक उत्तर असे की मरियेकडे किंवा संतांकडे मागितले जाते ते ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढेच; जिवंत बहिणीला किंवा मित्राला आपण जे सांगतो तेच स्वर्गातल्या भावंडांना सांगणे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली संतांची विनवणी चांगली आणि उपयुक्त ठरवली, पण त्याच वाक्यात ख्रिस्त हाच एकटा तारणारा आहे असेही लिहिले. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट केले की मरियेच्या भूमिकेमुळे एकमेव मध्यस्थाच्या स्थानाला उणेपणा येत नाही. प्रॉटेस्टंट उत्तर असे की बायबलात अशा विनवणीची आज्ञाही नाही आणि उदाहरणही नाही, आणि पुत्र स्वतः विनंती करीत असताना दुसऱ्या दाराशी उभे राहण्याचे प्रयोजन उरत नाही. कागदावर ही दोन्ही मते लोक समजतात त्यापेक्षा एकमेकांच्या जवळ आहेत. खरी अडचण व्यवहारात होते. नवस फेडण्याच्या मनःस्थितीत मेणाची बाहुली वाहणाऱ्याला परिषदेचे वाक्य ठाऊक नसते. आणि ज्याने संतांना रजा दिली त्याने त्यांच्या जागी एखाद्या प्रसिद्ध ‘देवाच्या माणसाला’ बसवलेले असते, हेही तितकेच खरे.

ल्यूथरने १५२० साली मांडलेला ‘सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण’ हा विचार याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. चांभार, लोहार, शेतकरी आणि बिशप यांच्यात कामाचा फरक आहे, देवाजवळच्या दर्जाचा नाही, असे त्याचे म्हणणे. मराठी भूमीत या विचाराचा सर्वांत स्वतंत्र बाण्याचा आविष्कार पंडिता रमाबाईंमध्ये दिसतो. शास्त्रांचे अध्ययन केलेल्या या विदुषीला स्त्री म्हणून धर्मात कोणते स्थान आहे याचा अनुभव होता. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लवकरच तिथल्या वडीलधाऱ्या मंडळींशी त्यांचे खटके उडू लागले, कारण शिकवले जाईल ते मुकाट्याने स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. १८८५ सालच्या एका पत्रात त्यांनी साफ लिहिले की मोठ्या प्रयासाने मी एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची माझी इच्छा नाही. याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली प्रार्थनेचे मोठे जागरण झाले. दुष्काळातून आणि वैधव्याच्या छळातून आलेल्या मुली आणि स्त्रिया तिथे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि त्याचे वृत्त परदेशांत पोहोचले. ज्यांना घरात कोणी मोठ्याने बोलू दिले नव्हते, त्या देवाशी मोठ्याने बोलत होत्या. नारायण वामन टिळकांनी निराळी वाट धरली. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताजवळ आलो असे ते सांगत, आणि त्यांची ख्रिस्ती भक्तिगीते मराठी मंडळ्यांच्या उपासनेत अजून गायली जातात.

प्रवेश इतका मोकळा असेल तर मागितलेले मिळत का नाही? या प्रश्नाला सोपे उत्तर देणाऱ्यापासून सावध राहावे, असे मला वाटते. बायबल स्वतः ते देत नाही. पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’ निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर आले की माझी कृपा तुला पुरे आहे, काटा राहिला. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हा दुःखाचा प्याला टळो अशी विनवणी केली, तीही तीनदा, आणि प्याला टळला नाही. ज्याचा प्रवेश सर्वांत थेट, त्याचीच मागणी नाकारली गेली. तेव्हा नकार मिळाला म्हणजे दार बंद झाले, हे समीकरण तिथेच मोडते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्यात शेवटी उजेडाची एक ओळही नाही, आणि तरीही ते प्रार्थनांच्या संग्रहात मानाने ठेवलेले आहे.

हे प्रसंग समोर असताना काही सभांतून जे सांगितले जाते त्याचे नवल वाटते. विश्वास कमी पडला म्हणून आजार बरा झाला नाही, अमुक रकमेचे दान ‘पेरले’ तर आशीर्वाद उगवेल, या बाटलीतले तेल अभिषिक्त आहे, औषधे बंद करा. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि त्याचा सोबती लूक हा वैद्य होता. औषध घेणे हा अविश्वास आहे, असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटले नाही. तेल, रक्कम आणि वक्त्याचा हात यांच्या मार्गानेच देव भेटतो असे ज्या क्षणी ठरते, त्या क्षणी नवा पडदा टांगला जातो, आणि त्याच्या दाराशी तिकीटही लावले जाते.

शेवटी त्या ‘एकच मध्यस्थ’ या वचनाकडे येऊ, कारण ते सगळ्यांच्या तोंडी असते आणि त्याच्या आधीच्या ओळी मात्र क्वचितच वाचल्या जातात. हे वचन तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तो अध्याय सुरू होतो तो मध्यस्थाच्या चर्चेने नव्हे. विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी आणि उपकारस्तुती सर्व माणसांसाठी करावी, राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठीही करावी, या आदेशाने तो सुरू होतो. आणि कारण दिले आहे ते असे की सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, देव एकच आहे आणि देव व मानव यांच्यामधला मध्यस्थही एकच आहे. दुसऱ्यांच्या मध्यस्थीची गरज नाही हे सिद्ध करण्यासाठी वापरले जाणारे हे वचन मुळात दुसऱ्यांसाठी मध्यस्थी करण्याचे कारण म्हणून आले आहे. याजक आत जाई तो इतरांसाठी. सगळेच याजक झाले, तर सगळ्यांचेच ते काम झाले. त्या वेळचे राजे ख्रिस्ती नव्हते, आणि सिंहासनावरचा रोमन सम्राट ख्रिस्ती लोकांचा मित्रही नव्हता. रविवारच्या उपासनेत पाळक आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्या मुलांची आणि कामासाठी परगावी गेलेल्यांची नावे घेतात आणि पुढे देशाच्या व राज्याच्या कारभाऱ्यांसाठी प्रार्थना करतात, ती या आदेशाप्रमाणे. तिथे बसलेल्यांनी मत कोणाला दिले होते, याचा तिच्याशी संबंध नसतो.